डेंटिस्टचा बागुलबुवा कुणी केला?

मुलांना धाक दाखवण्यासाठी आपल्या घरांत ज्यांची नावं घेतली जातात, त्यांची यादी गमतीशीर आहे. बागुलबुवा, झोळीवाला बाबा, पोलीस आणि डॉक्टर. मुस्लिम मोहल्ल्यात त्यात जिन्नाची भर पडते. 1975च्या ‘शोले’नंतर बरीच वर्षं गब्बरसिंगही या यादीत होता. यातला बागुलबुवा आणि गब्बर मुलाला आयुष्यात कधी भेटत नाहीत. झोळीवाला दारावरून निघून जातो. पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ बहुतेकांवर येत नाही. डॉक्टर मात्र नक्की भेटतो. त्यातही दातांचा डॉक्टर असा, की त्याच्यासमोर आडवं पडून तोंड उघडं ठेवावं लागतं. आत काय चाललंय ते दिसत नाही आणि तोंडात हत्यार असल्यामुळे काही बोलताही येत नाही.

“जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील.” “चॉकलेट खाल्लंस ना, आता पक्कडीनं सगळे दात उपटतील.” ही वाक्यं मराठी, उर्दू, दखनी अशा सगळ्या घरांत थोड्याफार फरकानं ऐकू येतात. मूल दोन-अडीच वर्षांचं असल्यापासून ती ऐकतं. मग एक दिवस गाल सुजतो आणि आपण त्याच माणसाकडे मुलाला घेऊन जातो. दारात पोहोचल्यावर म्हणतो, “घाबरू नको हं, अंकल खूप चांगले आहेत.” यातलं कुठलं वाक्य त्या मुलानं खरं मानायचं?

लहान मुलांच्या दवाखान्यांत हल्ली भिंतीवर कार्टून असतात, छतावर टीव्ही असतो, खुर्ची हत्तीच्या आकाराची असते. हे चांगलंच आहे. पण माझं स्पष्ट मत आहे, की मुलांची डेंटिस्टची भीती कमी करण्याचं निम्मं काम दवाखान्याबाहेर, आपल्या घरात करायचं आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत. दोन सवयी सोडाव्या लागतात. एक, डॉक्टरच्या नावानं धमकी देणं. दुसरी, वेळ आल्यावर खोटा दिलासा देणं.

भीती येते कुठून

माणसाला एखाद्या गोष्टीची भीती कशी बसते, याविषयी स्टॅनली रॅकमन या मानसशास्त्रज्ञानं 1977 साली एक मांडणी केली. ती आजही वापरली जाते. त्याच्या मते भीती तीन वाटांनी येते. पहिली वाट स्वतःच्या अनुभवाची, म्हणजे दुखलं म्हणून भीती बसली. दुसरी वाट पाहण्याची. अम्मीचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहिला, तिनं आपला हात घट्ट आवळलेला जाणवला, म्हणून भीती बसली. तिसरी वाट ऐकण्याची, म्हणजे कुणी काही सांगितलं म्हणून भीती बसली. या तीनपैकी दोन वाटा थेट घरातून जातात. डेंटिस्टनं अजून हातमोजेही घातलेले नसतात, तोवर मूल अर्धं घाबरून झालेलं असतं.

घरातल्या मोठ्या माणसांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण त्यांची भीती खोटी नव्हती. दातदुखीचा इतिहास बघितला तर ते लक्षात येतं. अमेरिकेतल्या होरेस वेल्स नावाच्या डेंटिस्टनं 1844 साली नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. वेदनेशिवाय दात काढता येतो, हे जगाला तिथून हळूहळू पटू लागलं. हिरडीत सुई देऊन तेवढाच भाग बधिर करणारं नोव्होकेन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं. आज ज्या औषधानं आपला जबडा बधिर केला जातो ते लिडोकेन 1943 साली स्वीडनमध्ये तयार झालं आणि 1948 साली बाजारात आलं. ते आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचायला आणखी किती काळ गेला असेल याचा विचार करा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं बाजाराच्या दिवशी फुटपाथवर पक्कड आणि दातांचा ढीग मांडून बसलेला दातवाला पाहिला आहे. कित्येकांनी त्याच्यासमोर बसून दात काढून घेतले आहेत, भुलेशिवाय. दादी जेव्हा “रग निकल के आई थी जैसा लगा” असं सांगते, तेव्हा ती अतिशयोक्ती करत नसते.

पण ती गोष्ट तिच्या काळाची आहे, आणि ती मुलांसमोर सांगताना हे सांगायचं राहून जातं. मुलाला काळ कळत नाही. त्याला फक्त पक्कड दिसते.

उशीर हाच पहिला अनुभव

मुलाला पहिल्यांदा डेंटिस्टकडे कधी न्यावं? बालदंततज्ज्ञ सांगतात, पहिला दात आल्यानंतर सहा महिन्यांत, आणि काहीही झालं तरी पहिल्या वाढदिवसापर्यंत. हे ऐकून आपल्याकडे लोक हसतात. दात आलेत दोन, त्याला डॉक्टर कशाला? शिवाय दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांच्यावर खर्च कोण करणार?

हा गैरसमज महागात पडतो. दुधाचे दात वीस असतात आणि ते सगळे सहाव्या-सातव्या वर्षी पडत नाहीत. मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर तिच्यानं त्याला पुढची पाच-सहा वर्षं चावायचं असतं. दुसरी गोष्ट, सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. प्रत्यक्षात ती कायमची असते आणि जन्मभर पुरवायची असते. तीच सगळ्यात आधी किडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या अहवालात जगातल्या 51.4 कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले असल्याचा अंदाज दिला आहे. ही मुलं काही फक्त चॉकलेट खाणाऱ्या श्रीमंत घरांतली नाहीत. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेलं बाळ, चहात बुडवलेल्या बिस्किटावर सकाळ काढणारं मूल, रडू नये म्हणून पाच रुपयांचं पाकीट हातात दिलेलं मूल, हे सगळे त्यात येतात.

आपण डेंटिस्टकडे जातो ते दात दुखायला लागल्यावर. बहुतेकदा दोन रात्री जागून, लवंग चावून, दुकानातून आणलेली गोळी देऊन झाल्यावर. म्हणजे मुलाचा पहिला अनुभवच ठणक्याचा असतो. त्यात एक गोष्ट फार कमी पालकांना ठाऊक असते. जिथे पू झालेला असतो किंवा जंतुसंसर्ग असतो, तिथे बधिर करणारं औषध नीट काम करत नाही. म्हणजे उशिरा गेलेल्या मुलाला जास्त दुखण्याची शक्यता असते. त्या दुखण्यातून भीती बसते. त्या भीतीपोटी पुढच्या वेळी आणखी उशीर होतो. हे चक्र एकदा सुरू झालं की माणूस म्हातारा होईपर्यंत थांबत नाही.

उशीर होण्यामागे फक्त अज्ञान नसतं, हेही मान्य करायला हवं. रोजावर जाणाऱ्या माणसाला मुलाचे दात नुसते ‘दाखवायला’ एक दिवसाची मजुरी सोडणं परवडत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो आणि खर्चही कमी येतो. पण उमरग्याच्या किंवा किनवटच्या माणसासाठी ही शहरं लांब आहेत. त्याच्यासाठी जवळची गोष्ट म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. 2013च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून त्याची सुरुवात झाली. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येऊन मुलांची तपासणी करतं. ज्या आजारांसाठी तपासायचं त्या यादीत किडलेले दातही आहेत. या तपासणीत दुखत काहीच नाही. ‘डॉक्टरांनी तोंडात पाहिलं आणि काही झालं नाही’ हा अनुभव तिथे फुकट मिळतो. पथक येणार असेल त्या दिवशी मुलाला “आज शाळेत डॉक्टर येणार आहेत, त्यांना तुझे दात मोजायला सांग” असं म्हणून पाठवा. एवढ्यानंही फरक पडतो. आणि चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात कुजू देऊ नका.

‘काही होणार नाही’ हे खोटं आहे

आता दुसऱ्या सवयीबद्दल. धमकी देणं वाईट, हे लोकांना पटकन पटतं. खोटा दिलासा देणंही तितकंच वाईट, हे पटत नाही. कारण त्यामागे माया असते.

माझ्या बहिणीच्या घरची गोष्ट सांगतो. भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी “आईस्क्रीम खायला जाऊ” असं सांगून त्याला गाडीवर बसवलं आणि दातांच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्यानं खुर्चीत बसायला नकार दिल्यावर एकानं पाय धरले, एकानं डोकं धरलं, वडिलांनी हात धरले. पाच मिनिटांत दाढ निघाली. सगळे खूश झाले. येताना आईस्क्रीमही मिळालं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर हा मुलगा न्हाव्याच्या खुर्चीत बसायला तयार नव्हता, कारण ती खुर्चीही मागे कलायची. वडील “चल, फिरून येऊ” म्हणाले की आधी “कुठे?” असं विचारून खात्री करून घ्यायचा. दात एकच गेला होता. पण बापाच्या शब्दावरचा भरवसाही त्याच खुर्चीत राहिला.

दीड वर्षानं त्याची दुसरी दाढ दुखू लागली. या वेळी बहीण त्याला दुसऱ्या गावातल्या एका डॉक्टर बाईंकडे घेऊन गेली, मीही सोबत होतो. पहिल्या दिवशी त्यांनी काहीही केलं नाही. आधी बहिणीला विचारलं, “घरी दुखतंय याला तुम्ही काय म्हणता?” बहीण म्हणाली, “दुखरा.” मग पूर्ण वेळ त्या तोच शब्द वापरत राहिल्या. त्यांनी भाच्याला आरसा हातात दिला, त्याच्या नखावर फिरणारा ब्रश लावून दाखवला, पाण्याची पिचकारी तळहातावर मारली आणि दात मोजले. दुसऱ्या भेटीत त्यानं विचारलं, “सुई दुखेगी क्या?” बाई म्हणाल्या, “हो, जराशी. मोठी मुंगी चावल्यासारखी. मी पाचपर्यंत मोजेन, तेवढ्यात संपेल. मग ओठ जाडजाड वाटेल. आणि नको वाटलं तर डावा हात वर कर, मी थांबेन.”

काम सुरू होताच त्यानं हात वर केला. दुखत नव्हतं, तो परीक्षा घेत होता. बाई थांबल्या. हात खाली गेल्यावर पुन्हा सुरू केलं. त्यानं आणखी एकदा हात वर केला, त्या पुन्हा थांबल्या. त्यानंतर शेवटपर्यंत त्यानं हात उचलला नाही.

यात जादू काही नाही. या पद्धतीला ‘सांगा, दाखवा, करा’ म्हणतात. आधी मुलाच्या भाषेत सांगायचं, मग त्याच्या हातावर किंवा बाहुलीवर दाखवायचं, मग जसं सांगितलं तसंच करायचं. अ‍ॅडलस्टन या अमेरिकन डेंटिस्टनं 1959 साली ती मांडली आणि आज जगभर दंत महाविद्यालयांत शिकवली जाते. तिचं सगळं बळ शेवटच्या पायरीत आहे. सांगितलं एक आणि केलं दुसरं, तर पहिल्या दोन पायऱ्या वाया जातात.

काही जण विचारतील, मुलाला ‘इंजेक्शन’ म्हणायचं का? तसं नाही. सौम्य शब्द आणि खोटं यात फरक आहे. ‘दाताला झोपवायचं औषध’ हा मुलाला समजेल असा शब्द आहे आणि तो खराही आहे. ‘थोडं टोचेल’ हेही खरं आहे. ‘टोचणार नाही’ हे खोटं आहे. ‘आज फक्त बघणार’ असं सांगून त्याच दिवशी दात काढणं हेही खोटं आहे. मुलाला वेदनेचा जितका त्रास होतो, त्याहून जास्त त्रास बेसावध पकडलं जाण्याचा होतो. टोचणं पाच सेकंदांत विसरलं जातं. फसवलं गेल्याची आठवण टिकते.

त्यातही भाषेचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे मूल घरात दखनी बोलतं, शाळेत मराठी किंवा उर्दू शिकतं आणि दवाखान्यात डॉक्टर आपसात इंग्रजीत बोलतात. अशा मुलाला खुर्चीत चारही बाजूंनी परके शब्द ऐकू येतात. पावरी, गोंडी किंवा वडारी बोलणाऱ्या घरातल्या मुलाचंही तेच. त्याच्या घरातले दोन शब्द डॉक्टरांनी शिकून घेतले तर दहा कार्टूनपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आईनंही संकोच न करता ते सांगावेत.

धरून ठेवणं

मूल ऐकत नाही म्हणून त्याचं तोंड हातानं दाबून धरायचं आणि गप्प झाल्यावर सोडायचं, अशी एक पद्धत एके काळी अमेरिकेत रीतसर शिकवली जायची. तिथल्या बालदंततज्ज्ञांच्या संघटनेनं 2006 साली ती आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. आपल्याकडे तोंड दाबलं नाही तरी हातपाय धरणं सर्रास चालतं, आणि त्यात आई-वडील सगळ्यात पुढे असतात.

कधी कधी पर्याय नसतो. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली आहे, ताप आहे, मूल गिळू शकत नाही, अशा वेळी वाट बघत बसता येत नाही. तेव्हा रुग्णालयात, गरज पडली तर पूर्ण भूल देऊन उपचार करावे लागतात. पण बहुतेक किडी एवढ्या घाईच्या नसतात. आज मूल तयार नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवडाभर थांबता येतं.

शिवाय प्रत्येक किडीसाठी सुई आणि मशीन लागतंच असं नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचा द्रव किडलेल्या जागी लावला तर पुष्कळदा कीड थांबते. तिथला डाग काळा पडतो, ही त्याची अडचण. समोरच्या दातासाठी पालक तयार होत नाहीत, ते समजू शकतं, पण मागच्या दाढेचा काळेपणा कुणाला दिसतो? दुसरी सोय म्हणजे दुधाच्या दाढेवर न कोरता, सुई न देता स्टीलची टोपी बसवणं. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या डेंटिस्टच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. तिसरी, फक्त हातातल्या छोट्या हत्यारानं मऊ कीड काढून सिमेंट भरणं. ही पद्धत 1980च्या दशकात टांझानियात, जिथे वीज आणि मशीन नव्हतं तिथे उभी राहिली. पहिल्या सोयीतला द्रव आणि तिसऱ्या पद्धतीत भरलं जाणारं ग्लास आयोनोमर सिमेंट, हे दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. हे उपाय प्रत्येक दाताला लागू पडत नाहीत, ते डॉक्टरच ठरवतील. पण “सुई आणि मशीनशिवाय काही करता येईल का?” हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तो आपण विचारत नाही.

दोन आक्षेप

डॉक्टर मंडळी म्हणतील, हे सगळं बरोबर आहे, पण वेळ कुणाकडे आहे? बाहेर वीस पेशंट बसलेत आणि मी एका मुलाच्या बाहुलीचे दात मोजत बसू? हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचं अर्धं उत्तर आपल्याकडे, म्हणजे पालकांकडे आहे. डॉक्टरांनी अर्धा तास मुलाशी बोलून, दात मोजून आपल्याला घरी पाठवलं, तर बाहेर येऊन आपण काय म्हणतो? “काहीच केलं नाही आणि फी घेतली.” जोवर आपण दात उपटण्याचे पैसे आनंदानं देतो आणि मुलाची भीती घालवण्याचे पैसे देताना कुरकुरतो, तोवर डॉक्टर पक्कडच उचलणार. ज्या भेटीत ‘काहीच केलं नाही’ ती भेट सर्वांत मोलाची असू शकते, हे आपण स्वीकारायला हवं.

दुसरा आक्षेप घरातून येतो. “आमचे नाही काढले दात? आम्हाला कोण समजावत होतं? हे सगळे लाड आहेत.” यावर मी एवढंच म्हणेन, की ज्यांना तेव्हा कुणी समजावलं नाही त्यांच्याकडे आज एकदा नीट बघा. एकाच बाजूनं चावणारे मामू, लवंग आणि वेदनाशामक गोळ्यांवर वर्षं काढणारी खाला, चारचौघांत हसताना तोंडावर पदर धरणारी आई. दाढेच्या ठणक्यावर उपाय म्हणून लावलेली मशेरी महाराष्ट्रात कित्येक बायांचं आयुष्यभराचं व्यसन झाली आहे. गुटखा आणि तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा किंवा बरी न होणारी जखम सर्वांत आधी डेंटिस्टच्या नजरेला पडू शकते. पण त्याच्यासमोर तोंड उघडायचीच ज्याला भीती वाटते, त्याचा चट्टा कॅन्सर होईपर्यंत कुणाला दिसत नाही. सहा वर्षांच्या मुलाची भीती म्हणून आपण जी हसण्यावारी नेतो, ती पन्नाशीत अशी वसूल होते. याला लाड कसं म्हणायचं?

घरी काय करता येईल

फार काही नाही. डॉक्टर, सुई, पक्कड हे शब्द शिक्षेच्या वाक्यांतून काढून टाका. दादी-नानीला हे आदरानं समजावून सांगा, त्या ऐकतात. आपल्याकडे दाताची एक गोड गोष्ट आधीपासून आहे. दुधाचा दात पडला की तो छपरावर फेकायचा, उंदराला द्यायचा आणि त्याच्याकडून नवा मागायचा. त्या गोष्टीत डॉक्टरलाही एक जागा द्या.

मुलाचं डोकं मांडीवर घेऊन दात मोजायचा खेळ खेळा. खुर्चीत आडवं पडायची सवय तिथेच होते. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करून द्यायचा असतो. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. मूल पाहून शिकतं, म्हणून मोठी बहीण शांतपणे दात तपासून घेत असेल तर धाकट्याला ते बघू द्या. बार्बरा मेलामेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 साली हेच दाखवलं होतं. न घाबरता उपचार घेणाऱ्या मुलाची फिल्म आधी पाहिलेली मुलं खुर्चीत कमी घाबरली.

दवाखान्याची वेळ सकाळची घ्या. शाळेतून थकून, उपाशी आलेलं मूल कुणाचंच ऐकत नाही. सोबत अशा माणसानं जावं जो स्वतः घाबरत नाही. वडिलांनी फक्त गाडी लावून बाहेर चहाच्या टपरीवर थांबायचं, ही प्रथा मोडायला हरकत नाही. आत एकाच वेळी पाच जणांनी “तोंड उघड, तोंड उघड” असा गजर करू नये. बोलायचं ते डॉक्टरांनी, आपण हात धरायचा. आवाजाचा, प्रकाशाचा, स्पर्शाचा जास्त त्रास होणारी मुलं असतात, स्वमग्न मुलं असतात. त्यांच्याविषयी डॉक्टरांना आधी फोन करून सांगा, गर्दी नसेल अशी वेळ मागा, दवाखान्याचे फोटो घरी आधी दाखवा.

काम झाल्यावर “मुलगा असून रडलास” असं म्हणू नका. रडूनही जे मूल बसून राहिलं, ते धीटच आहे. “तू हात वर न करता इतका वेळ बसलास” असं नेमकं कौतुक करा. बक्षीस म्हणून चॉकलेट देण्यातला विनोद तर लक्षात यायलाच हवा. आणि ओठ बधिर आहे तोवर, साधारण दोन-तीन तास, मूल तो चावत नाही ना याकडे लक्ष ठेवा. नाहीतर संध्याकाळी ओठ सुजतो आणि खापर डॉक्टरांवर फुटतं.

या सगळ्यातलं काहीच जमलं नाही तरी एक गोष्ट करा. मूल दारातच विचारतं, “दुखेल का?” त्याला लगेच “नाही” म्हणू नका. आदल्या दिवशी डॉक्टरांशी बोलून काय करणार, किती वेळ लागणार, मध्ये थांबणार का, हे विचारून घ्या. मग सांगा, “थोडं दुखेल. मी तिथेच असेन. तू हात वर केलास की डॉक्टर थांबतील.” आणि डॉक्टर खरंच थांबतात ना, ते बघायला आत उभे राहा.